स्वतःचा एएस नंबर आणि आयपी पत्ते: घ्यायचे कसे, परत करायचे कसे

मुंबईत केबलच्या धंद्यातून ब्रॉडबँडकडे आलेल्या माणसाला दोन-तीन वर्षांत कोणीतरी हमखास सांगतं, "शेठ, आता स्वतःचा एएस नंबर घ्या." सांगणारा बऱ्याचदा राउटर विकायला आलेला असतो. सल्ला चुकीचा असतोच असं नाही. पण नंबर मिळाल्यानंतरची कामं तो सांगत नाही, आणि नको झालेला नंबर परत कसा करतात हे तर कोणीच सांगत नाही. म्हणून इथे दोन्ही टोकं घेतली आहेत. वाचणारा छोटा आयएसपी (इंटरनेट सेवा पुरवणारा) असो की एखाद्या कॉलेजचं किंवा हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळणारा, वाट जवळपास तीच आहे.

नंबर म्हणजे नक्की काय

नंबर दोन प्रकारचे. पहिला एएस नंबर, म्हणजे तुमच्या अख्ख्या नेटवर्कची ओळख. जगातली नेटवर्कं एकमेकांना "या पत्त्यांकडे जायचं तर माझ्याकडून जा" असं बीजीपी या ठरलेल्या भाषेतून सांगत असतात, आणि सांगणारा कोण हे या नंबरावरून कळतं. सुरुवातीला हा नंबर १६ बिटांचा होता, म्हणजे एकूण ६५,५३६. ते पुरणार नाहीत हे दिसल्यावर ३२ बिटांचे नंबर आले, त्यामुळे आज नव्याने घेणाऱ्याच्या वाट्याला सहसा सहा आकडी नंबर येतो.

दुसरा प्रकार आयपी पत्त्यांचा. हे सुटे मिळत नाहीत, ब्लॉकने मिळतात. आयपीव्ही४ या जुन्या, आजही चालणाऱ्या पद्धतीमधला सगळ्यात छोटा कामाचा ब्लॉक म्हणजे "स्लॅश चोवीस", २५६ पत्त्यांचा. त्याहून छोटा तुकडा जगाला जाहीर केलात तर बहुतेक मोठी नेटवर्कं तो मनावरच घेत नाहीत. आयपीव्ही६ या नव्या, भरपूर पत्त्यांच्या पद्धतीत तीच मर्यादा स्लॅश अठ्ठेचाळीस. स्लॅशपुढचा आकडा वाढला की ब्लॉक छोटा होतो.

यातलं काहीही तुमच्या मालकीचं होत नाही. पागडीची जागा जशी वर्षानुवर्षं ताब्यात असते पण सोडताना किंवा दुसऱ्याला देताना मालकाला विचारावंच लागतं, तसं हे आहे. "आम्ही पैसे भरलेत, ब्लॉक आमचा" हे वाक्य धंदा विकताना फार महागात पडतं. त्यावर शेवटी बोलू.

खरंच हवा आहे का

तुमच्याकडे एकच अपस्ट्रीम असेल, म्हणजे एकाच मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ घेऊन तुम्ही पुढे वाटत असाल, तर एएस नंबराचा तुम्हाला काही उपयोग नाही. पत्तेही त्याच कंपनीकडून मिळतात. तिच्याशी बीजीपी बोलायचंच असेल तर ६४५१२ ते ६५५३४ हे नंबर खासगी वापरासाठी राखून ठेवलेत, त्यातला एक ती कंपनी तुम्हाला सांगते. त्याला अर्ज नाही, फी नाही. फ्रँचायझी म्हणून काम करणाऱ्यांनी तर इथेच थांबावं. ग्राहक तुमच्या बिलिंगमध्ये असले तरी नेटवर्क दुसऱ्याचं आहे.

नंबराची गरज पडते दोन वाटा झाल्यावर. दोन वेगळ्या कंपन्यांकडून बँडविड्थ घेताय आणि एक तुटली तर ग्राहकांचे पत्ते न बदलता सगळं दुसरीवरून चालायला हवं, ही पहिली स्थिती. एक्स्चेंजवर, म्हणजे अनेक नेटवर्कं एकत्र जोडली जातात त्या जागी, जाऊन इतर नेटवर्कांशी थेट पिअरिंग (मधल्या कंपनीशिवाय ट्रॅफिकची देवाणघेवाण) करायचंय, ही दुसरी. नंबर देणारेही हेच विचारतात: आज दोन वाटा आहेत का, किंवा लवकरच होणार आहेत का.

मुंबईत या "दोन वाटा" नीट तपासून घ्याव्या लागतात. दोन कंपन्यांची बिलं वेगळी येतात, पण फायबर एकाच डक्टमधून किंवा एकाच खांबावरून येतं, आणि पावसाळ्याआधी रस्ता खणणारा जेसीबी दोन्ही एका फटक्यात तोडतो. कधी दोन्ही विक्रेते मागे एकाच मोठ्या कंपनीकडून माल उचलत असतात. सही करण्याआधी दोघांकडून फायबरचा मार्ग नकाशावर काढून मागा आणि दोन्ही लाइनवरून ट्रेसराउट (डेटा कोणकोणत्या टप्प्यांतून जातो ते दाखवणारी चाचणी) करून बघा. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर तेच नाव दिसलं तर तुमच्याकडे एकच वाट आहे, बिलं तेवढी दोन आहेत.

मागायचा कोणाकडे

सगळ्यात वर आयाना, जगभरच्या नंबरांचा मूळ साठा सांभाळणारी संस्था. तिच्याखाली पाच प्रादेशिक नोंदणी संस्था. आशिया-पॅसिफिकची एपनिक, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. एपनिकच्या छत्राखाली सात देशांच्या स्वतःच्या राष्ट्रीय नोंदणी संस्था आहेत, आणि त्यात भारताची आयआरआयएनएन येते. २०१२ पासून ती हे काम करते. ती चालवणारी निक्सी ही २००३ साली स्थापन झालेली ना-नफा कंपनी, डॉट इन डोमेनची व्यवस्थाही तिच्याकडेच आहे. भारतातल्या कंपनीला थेट एपनिककडेही जाता येतं, पण छोट्या आयएसपीने आयआरआयएनएनकडे जावं असं माझं मत. बिल रुपयांत येतं, आणि कागदपत्रं तपासणाऱ्याला जीएसटी प्रमाणपत्र म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

निक्सीचं कार्यालय दिल्लीत आहे, आणि सगळं काम ऑनलाइन अर्ज आणि ईमेलवर चालतं. मुंबईकराच्या अंगात भिनलेली "एकदा ऑफिसात जाऊन भेटून येतो" ही पद्धत इथे कामाची नाही. तुमच्या वतीने अर्ज भरून देणारे सल्लागार भरपूर भेटतील. घ्या हवं तर, पण खात्याचा ईमेल आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा.

अर्जाआधी घर आवरा

अर्ज अडकतात ते तांत्रिक कारणाने कमी आणि नावाच्या घोळाने जास्त. केबलचा धंदा वडिलांच्या नावावर, जीएसटी भावाच्या प्रोप्रायटरशिपवर, आणि आयएसपीचा परवाना नव्या प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर, असं आपल्याकडे सर्रास असतं. नंबर ज्या संस्थेच्या नावावर मिळेल तिच्याच नावावर तो राहतो. नंतर नाव बदलायचं म्हणजे हस्तांतराची नवी कागदपत्रं. तेव्हा प्रायव्हेट लिमिटेड करायचंच असेल तर आधी ते उरका. पॅन, जीएसटी, नोंदणी प्रमाणपत्र, परवाना आणि बँक खातं, पाचही ठिकाणी नावाचं स्पेलिंग अक्षरशः सारखं आहे का बघा. "नेटवर्क" आणि "नेटवर्क्स" या दोन वेगळ्या कंपन्या धरल्या जातात.

मग कागद. कंपनीची नोंदणी, पॅन, जीएसटी, इंटरनेट सेवेचा परवाना, सही करणाऱ्याचं ओळखपत्र, आणि त्याला अधिकार दिल्याचा संचालक मंडळाचा ठराव किंवा लेटरहेडवरचं पत्र. त्यासोबत दोन्ही अपस्ट्रीमचे करार किंवा बिलं, नेटवर्कचा आराखडा, आणि राउटर आणि ओएलटी (ग्राहकांच्या फायबर लाइन जिथे एकत्र येतात ते यंत्र) यांची खरेदी दाखवणारी इन्व्हॉइस. कॉलेज किंवा हॉस्पिटलला अर्थातच आयएसपीचा परवाना लागत नाही. ते पत्ते स्वतःसाठी घेतात, पुढे विकत नाहीत.

ईमेलचं थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळे इथेच ढिलाई करतात. संपर्काचा पत्ता तुमच्या स्वतःच्या डोमेनवर हवा आणि पदाच्या नावाने हवा: एनओसी (नेटवर्कवर लक्ष ठेवणारा कक्ष), अब्यूज (गैरवापराच्या तक्रारी), बिलिंग. सिस्टीम बघणाऱ्या पोराचा वैयक्तिक जीमेल देऊ नका. तो पोरगा वर्षभरात ऐरोलीच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये जास्त पगारावर जातो, आणि पासवर्ड बदलण्याचा मेल त्याच्याकडे जात राहतो. डोमेनचं नूतनीकरणही कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. सुटलेलं डोमेन दुसऱ्याने विकत घेऊन, त्यावरचा जुना ईमेल जिवंत करून नंबरांचा ताबा पळवण्याचे प्रकार जगभर झाले आहेत.

किती पत्ते मागायचे

इथे अर्जाचा जीव आहे. आयानाकडचे मोकळे आयपीव्ही४ ब्लॉक ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपले, आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला एपनिक आपल्या शेवटच्या मोठ्या ब्लॉकवर आली. तो १०३ने सुरू होणारा. आपल्याकडच्या छोट्या आयएसपींचे इतके पत्ते १०३चेच का, याचं उत्तर हे. त्यानंतर रेशनिंग सुरू झालं: आधी एका संस्थेला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळायचे, २०१९ पासून ५१२. म्हणजे एक स्लॅश तेवीस. ज्यांना खरंच कमी लागतं त्यांना एक स्लॅश चोवीस.

तर चार हजार ग्राहक २५६ पत्त्यांत बसवायचे कसे? कॅरियर ग्रेड नॅटने. ग्राहकाच्या घरच्या राउटरला १००.६४पासूनचा, खास याच कामासाठी २०१२ मध्ये राखून ठेवलेला पत्ता द्यायचा आणि बाहेर पडताना एका पब्लिक पत्त्यामागे अनेकांना बसवायचं. एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट (वेगवेगळ्या जोडण्या ओळखायचे क्रमांक) असतात. पहिले १,०२४ सोडले तर उरतात ६४,५१२. प्रत्येक ग्राहकाला १,००८ पोर्टांचा ठरलेला गठ्ठा दिला तर एका पत्त्यामागे ६४ ग्राहक बसतात. चार हजार ग्राहकांना मग ६३ पत्ते पुरतात.

त्यावर स्टॅटिक आयपीवाले मोजा. दुकानातला सीसीटीव्ही घरून बघायचा असलेले व्यापारी, सीएंची ऑफिसं, क्लासवाले. समजा असे ६० आहेत. राउटर, सर्व्हर, डीएनएस यांना १६ धरा. बेरीज १३९. २५६ पैकी निम्म्याहून जास्त पत्ते पहिल्याच दिवशी वापरात, हे तुम्ही तक्त्यात दाखवू शकता. अर्ज तपासणाऱ्याला असाच तक्ता हवा असतो: कोणता तुकडा कशासाठी, आज किती, वर्षभरात किती. "भविष्यातील वाढ" असं लिहून निम्मा ब्लॉक मोकळा दाखवलात की प्रश्न परत येणार. वाढ दाखवायची तर कुठल्या भागात, किती इमारतींत, कोणत्या ओएलटीवर, ते लिहा. भांडुपच्या डोंगरावरच्या चाळी आणि मुलुंडचे टॉवर यांत ग्राहकवाढीचा वेग सारखा नसतो, हे तुम्हाला त्याच्याहून चांगलं माहीत आहे.

पोर्टांचा गठ्ठा ठरलेला ठेवायचा याला आणखी एक कारण आहे. पोलिसांचं पत्र येतं तेव्हा अमुक वेळी अमुक आयपी कोणाकडे होता असं विचारतात. पत्रात पोर्ट नंबर नसेल तर त्या पत्त्यामागचे चौसष्टच्या चौसष्ट ग्राहक संशयित. पोर्ट असेल आणि गठ्ठे ठरलेले असतील, तर उत्तर एका मिनिटात निघतं.

आयपीव्ही६ सोबतच मागा. आयएसपीला सहसा स्लॅश बत्तीस मिळतो, म्हणजे ६५,५३६ ग्राहकांना प्रत्येकी एक स्लॅश अठ्ठेचाळीस. तो संपवणं तुमच्याच्याने होणार नाही. "आमच्याकडे कोणी मागत नाही" हे कारण आता चालत नाही. ३१ डिसेंबर २०२२ नंतरची नवी घरगुती तारेवरची जोडणी आयपीव्ही६ चालवू शकेल अशीच असली पाहिजे, असं दूरसंचार विभागाने सांगितलेलं आहे. आणि स्वार्थाचं बघितलं तरी यूट्यूब, फेसबुकचा ट्रॅफिक आयपीव्ही६वरून गेला की नॅटच्या बॉक्सवरचा भार तेवढा उतरतो. रात्री नऊनंतर हा फरक डोळ्यांना दिसतो.

अर्ज भरा, फी भरा. सुरुवातीची आणि वार्षिक अशा दोन्ही रकमा, वर जीएसटी. दर बदलत असतात, तेव्हा भरण्याच्या दिवशीचा तक्ता संकेतस्थळावरच बघा. मग शंका विचारणारे मेल येतील. त्याच धाग्यात, मुद्द्यागणिक उत्तर द्या. फोनाफोनी करून काही पुढे सरकत नाही.

नंबर हातात आल्यावर

मंजुरीचा मेल आला म्हणजे इंटरनेटला तुम्ही माहीत झालात असं नाही. पहिलं काम हूइज नोंद, म्हणजे नंबर कोणाकडे आहे हे सांगणारी सार्वजनिक नोंद, वाचायचं. कंपनीचं नाव, पत्ता, अब्यूजचा ईमेल बरोबर आहे का. त्या ईमेलला चाचणी मेल पाठवून बघा. एपनिकच्या नियमांत हा पत्ता चालू असल्याची पडताळणी ठरावीक काळाने होत राहते.

दुसरं, आरपीकेआय, म्हणजे ब्लॉक जाहीर करायचा हक्क कोणाला हे डिजिटल सहीने दाखवायची व्यवस्था. पोर्टलवर आरओए बनवायचा, म्हणजे "हा ब्लॉक या एएस नंबरावरूनच जाहीर होईल" असं सही करून ठेवायचं. याची गरज का, ते २४ फेब्रुवारी २००८ ला सगळ्यांना कळलं. पाकिस्तानातल्या एका कंपनीने देशापुरतं यूट्यूब बंद करायला त्याचा एक स्लॅश चोवीस स्वतःच्या नावावर जाहीर केला, तो बाहेर निसटला आणि जगभरातला यूट्यूबचा ट्रॅफिक तिकडे वळला. आज बरीच मोठी नेटवर्कं आरओएशी न जुळणारी घोषणा टाकून देतात. आरओए भरताना "जास्तीत जास्त लांबी" असा एक रकाना येतो. तुम्ही स्लॅश तेवीस जाहीर करणार असाल तर तिथे तेवीसच लिहा. सवयीने चोवीस लिहून ठेवलंत तर तुमचं नाव खोटं लावून अर्धा ब्लॉक जाहीर करणाऱ्याला तुम्हीच दार उघडून दिलंत. पुढे कधी दोन अर्धे वेगळे जाहीर करायचे झाले तर त्यांचे आरओए तेव्हा वेगळे करा, आणि घोषणेच्या आधी करा.

तिसरं, रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद. हे राहिलं तर एखाद्या ग्राहकाचा मेल सर्व्हर स्पॅममध्ये जायला लागतो आणि शिव्या तुम्हाला बसतात.

मग दोन्ही अपस्ट्रीमना लेटरहेडवर अधिकारपत्र द्या, ते त्यांच्या फिल्टरमध्ये (कोणाची कोणती घोषणा घ्यायची त्या यादीत) तुमचा ब्लॉक घालतात. राउटरवर स्वतःच्या बाजूनेही फिल्टर लावा: आपण आपलेच ब्लॉक जाहीर करायचे, एका अपस्ट्रीमचे रूट (त्याने सांगितलेले मार्ग) दुसऱ्याला कधीच सांगायचे नाहीत. नवख्यांचा हा सगळ्यात प्रसिद्ध अपघात. दोन मोठ्या कंपन्यांमधला ट्रॅफिक तुमच्या घाटकोपरच्या छोट्या राउटरवरून जायला लागतो आणि पाच मिनिटांत सगळं बसतं.

या सगळ्यासाठी महागडा राउटर लागतो, हेही पूर्ण खरं नाही. जगाचा पूर्ण रूट टेबल आयपीव्ही४साठी सुमारे दहा लाख ओळींचा झाला आहे. तो घेतलाच पाहिजे असं नाही. दोन्ही अपस्ट्रीमकडून डीफॉल्ट रूट ("बाकी सगळं इकडे पाठव" असा एकच मार्ग), एक्स्चेंजवरून पिअरिंगचे रूट, एवढ्यात छोट्या आयएसपीचं व्यवस्थित भागतं. राउटर विकणाऱ्याला हे ऐकवून बघा.

एक्स्चेंजच्या बाबतीत मुंबईकर सुखी आहे. समुद्राखालच्या केबल वर्सोव्याला वर येतात, मोठी डेटा सेंटर चांदिवली, विक्रोळी, ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आहेत, निक्सीचा मुंबईतला एक्स्चेंज आहे आणि डी-सिक्स मुंबईही आहे. पोर्टाच्या पैशांसोबत क्रॉस कनेक्टचं (डेटा सेंटरमध्ये तुमच्यापासून एक्स्चेंजपर्यंतच्या केबलचं) मासिक भाडं विचारून घ्या. कोटेशनमध्ये ते तळाशी बारीक अक्षरात असतं आणि वर्षाकाठी चांगलंच जाणवतं.

नंतर दर वर्षीचं काम फारसं नाही. बिल वेळेवर भरणं, संपर्क बदलला की नोंद बदलणं, आणि डायरेक्टर बदलला की नवा ठराव पाठवणं. बिल थकवू नका. नोंद निघाली तर अपस्ट्रीमही घोषणा बंद करतात, आणि तो ब्लॉक तुम्हालाच परत मिळेल याची खात्री कोणी देत नाही.

परत करायची वेळ

वेळ अनेक कारणांनी येते. मोठ्या कंपनीने तुमचे ग्राहक घेतले, तुम्ही फ्रँचायझी झालात, किंवा दुसरा अपस्ट्रीम परवडेना. नंबर तसाच पडू देऊ नका. बंद ठेवलेला एएस नंबर आणि जाहीर न होणारा ब्लॉक शोधून त्यावरून स्पॅम सोडणाऱ्या टोळ्या असतात, आणि हूइजमध्ये नाव तुमचं असतं.

आधी ठरवा, नंबर नेमका कोणाचा. अपस्ट्रीमने दिलेले पत्ते असतील तर करार संपताच ते त्याच्याकडे जातात. तुम्हाला फक्त ग्राहकांचे पत्ते बदलायचे असतात. नोंदणी संस्थेकडून घेतलेले असतील तर परत करणं म्हणजे रीतसर अर्ज. आणि धंदा चालू स्थितीत दुसऱ्याला विकत असाल तर ते परत करणं नाहीच, हस्तांतर आहे. तिथे विलीनीकरणाचे किंवा खरेदीचे कागद लागतात. पागडीचं म्हटलं होतं ते इथे आठवा. विक्रीच्या करारात "आयपी ब्लॉकसह" असं लिहिण्याआधी नोंदणी संस्थेला लेखी विचारा. मिळून पाच वर्षं न झालेला १०३चा ब्लॉक एपनिकच्या धोरणानुसार बाजारात हस्तांतरित करता येत नाही. नको असेल तर परतच द्यायचा. घेणाऱ्याने त्या ब्लॉकचे वेगळे पैसे मोजले असतील तर पुढचा वाद तुमच्या दारात येतो.

मधला एक पर्यायही आहे. फक्त एएस नंबर परत करून पत्ते ठेवता येतात. उरलेला एकमेव अपस्ट्रीम तुमचा ब्लॉक त्याच्या एएस नंबरावरून जाहीर करतो. त्याआधी आरओए त्याच्या नंबराचा करून घ्या, नाहीतर तुमचीच घोषणा खोटी ठरून टाकली जाईल.

या सुमारास तुम्हाला फोन येऊ लागतील: "ब्लॉक भाड्याने द्या, महिन्याला पैसे मिळतील." देऊ नका. दिलेला पत्ता कुठल्या देशात, कोण, कशासाठी वापरतं यावर तुमचा ताबा राहत नाही. ब्लॉक काळ्या यादीत जातो आणि पत्राला उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. गरज दाखवून घेतलेला ब्लॉक गरज संपल्यावर भाड्याने लावणं हे ज्या अटींवर तो मिळाला त्यांनाही धरून नाही.

आता क्रम. स्टॅटिक आयपीवाल्यांना किमान महिनाभर आधी कळवा. ज्यांचा आयपी बँकेच्या किंवा एखाद्या सरकारी पोर्टलच्या परवानगी यादीत नोंदवलेला आहे, त्यांना आणखी आधी, कारण तिकडची यादी बदलायला वेळ लागतो. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरवाल्या दुकानदारांकडे माणूसच पाठवावा लागतो, व्हॉट्सॅपवर समजावून होत नाही. सगळे नव्या पत्त्यांवर गेले की जुन्या ब्लॉकवरचा ट्रॅफिक दोन-तीन दिवस नुसता बघा. हमखास एखादा विसरलेला सर्व्हर किंवा लिफ्टच्या खोलीतला कॅमेरा सापडतो.

मग राउटरवरून घोषणा थांबवा आणि दोन्ही अपस्ट्रीमना फिल्टरमधून ब्लॉक काढायला लेखी सांगा. राइपस्टॅटसारख्या सार्वजनिक साधनावर ब्लॉक खरंच दिसेनासा झाला का ते पाहा. कधी अपस्ट्रीमने स्वतःकडे स्टॅटिक रूट घालून ठेवलेला असतो आणि तुम्ही बंद केलं तरी तो दिसतच राहतो.

त्यानंतर नोंदी. आरओए काढा, रिव्हर्स डीएनएस काढा, पिअरिंग डीबीमधली (पिअरिंग करणाऱ्या नेटवर्कांच्या सार्वजनिक यादीतली) नोंद काढा, एक्स्चेंजला कळवा. रूट ऑब्जेक्ट, म्हणजे कोणता ब्लॉक कोणत्या एएस नंबरावरून निघतो याच्या डेटाबेसमधल्या नोंदी, मात्र नीट शोधा. ते फक्त तुमच्या नोंदणी संस्थेकडेच असतात असं नाही. तुमच्या वतीने अपस्ट्रीमने आरएडीबीसारख्या त्रयस्थ डेटाबेसमध्ये टाकलेले असू शकतात, आणि ते आपोआप जात नाहीत. हाच ब्लॉक पुढे दुसऱ्या कोणाला मिळाला की या जुन्या नोंदी त्याच्या आडव्या येतात.

आता नोंदणी संस्थेला पत्र. लेटरहेडवर, ज्याला ठरावाने अधिकार दिला आहे त्याच्याच सहीचं. त्यात कंपनीचं नाव नोंदीतल्यासारखं, परत करायचा एएस नंबर, ब्लॉकचा पूर्ण पत्ता लांबीसकट, घोषणा थांबवल्याची तारीख, कारण एका ओळीत, आणि यापुढे या नंबरांवर आमचा दावा नाही असं स्पष्ट वाक्य. सोबत ठराव. थकबाकी असेल तर आधी भरा. अर्ज पुढचं वार्षिक बिल निघायच्या आत जाईल असा बेत ठेवा, नाहीतर न वापरलेल्या वर्षाचे पैसे मागितले जाण्याची शक्यता असते. मान्यतेचा मेल आला की हूइजमध्ये तुमचं नाव गेलेलं आहे का ते बघा आणि त्या पानाची प्रत तारखेसह जपून ठेवा.

परवाना सोडणं हे यापेक्षा वेगळं काम. युनिफाइड लायसन्सच्या अटींनुसार दूरसंचार विभागाला किमान ६० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि प्रत्येक ग्राहकाला ३० दिवसांची. २०२३च्या दूरसंचार कायद्याखाली परवान्यांची चौकट बदलते आहे, त्यामुळे तुमचा परवाना कोणत्या चौकटीतला आहे ते आधी बघून घ्या. नंबर परत केले म्हणून परवाना आपोआप संपत नाही, आणि परवाना सोडला म्हणून नंबरांचं बिल थांबत नाही. दोन्हीकडे वेगवेगळी पत्रं.

शेवटी लॉग, म्हणजे कोणत्या वेळी कोणता पत्ता कोणाकडे होता याच्या नोंदी. डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलून हे रेकॉर्ड किमान दोन वर्षं ठेवायला सांगितलं आहे. धंदा गुंडाळताना सर्व्हर भंगारात काढण्याची घाई असते. त्याआधी नॅटचे लॉग, पोर्टांच्या गठ्ठ्यांचा तक्ता आणि ग्राहकांची यादी दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, आणि कोणत्या तारखेपर्यंत ब्लॉक तुमच्याकडे होता ते वरच लिहून ठेवा. ब्लॉक पुढच्या माणसाला मिळाल्यानंतरही तुमच्या काळातल्या तारखेचं पत्र येऊ शकतं. एनओसीचा ईमेल आणि त्यासाठी डोमेन तेवढा काळ चालू राहू द्या.